रुमालाखालचा भाव

साहेब, तुम्ही मानसिंगचं हळद घासायचं यंत्र बघितलंच नाहीत. बघून नापास केलं असतंत तर त्यानं तोंड शिवून घेतलं असतं. पण तुम्ही साताऱ्याच्या शेतकी कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या शेरा मारलात, "या यंत्राची हळद सांगलीत खपत नाही." यंत्र होतं ते मलकापूर काय लंकेत होतं? तुमचा शिक्का नाही म्हणून एकही सोसायटी यंत्र घेईना, आणि मानसिंगच्या शेडला टाळं लागायची वेळ आली.

मानसिंग लष्करात गाड्या दुरुस्त करायचा. एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शन घेऊन कराडजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा घरची हळद शिजवून, वाळवून अंगणात पडलेली. त्याची बायको राहीबाई पायाला पोतं बांधून ती तुडवत होती. हळकुंडावरची खरबरीत साल त्याशिवाय निघत नव्हती.

"नुस्तं बघत काय उभं ऱ्हायलाय?" राहीबाई म्हणाली. "पलटणीत म्हणं रणगाडं हलवत हुता. आता हे हलवून दावा."

झालं. रस्त्याच्या कामावरचं डांबराचं रिकामं पिंप त्यानं उचलून आणलं. त्याला भोकं पाडली, मधून आस घातला, टोकाला फिरवायचा दांडा बसवला. आणि मग फक्त लष्करातला मेकॅनिकच करील अशी चूक केली. पिंप रॉकेलनं धुतलं. वर्कशॉपात सगळं रॉकेलनंच धुवायची सवय ना. थोरल्या भावाची, बाळासोची हळद त्यातून अशी चकचकीत निघाली की गल्ली बघायला लोटली. सांगलीत आडत्यानं एक हळकुंड दातानं फोडलं आणि थुंकून टाकलं.

"हळद इकाय आलायसा का कंदील?"

सगळा माल परत. बाळासो मानसिंगचा उंबरा वर्षभर चढला नाही.

"आवं, हळद ती. मोटार न्हवं," राहीबाई एवढंच म्हणाली.

साहेब, तुमच्या कानावर आली ती ही हळद. पुढचं ऐकायची तसदी तुम्ही घेतलीत कुठं?

मानसिंगनं ते पिंप मोडीत घातलं. मलकापुरात भाड्यानं शेड घेतली, जाड लोखंडी जाळीचा ढोल केला, त्याला ऑइल इंजिन जोडलं. जोरात फिरवला तर हळकुंडांचे तुकडे, हळू फिरवला तर साल जागच्या जागी. वेग जमला तर ढोल हादरून पाया उखडायचा. राहीबाईनं पायाचं पोतं काही सोडलं नाही. "यंत्र चालूस्तवर तुडवाय कुनीतरी पायजेच की," म्हणायची. एका हंगामानं झालं नाही, दुसऱ्यानं झालं नाही. तिसऱ्याला ढोल सुतासारखा फिरला. गावच्या सोसायटीचा चेअरमन आप्पासो येऊन हळदीवर हात फिरवून गेला.

"गड्या, लय झ्याक काम हाय. पर शिक्का आण. त्याबिगर यंत्राच्या कर्जाला मंजुरी न्हाई."

शिक्का तुमच्याकडं. तुम्ही शेरा दाखवलात आणि म्हणालात, "खपते तर पुरावा आणा. लेखी."

मानसिंगनं सांगली गाठली. तात्याबा नावाचा आडत्या आता त्याची हळद विनातक्रार घ्यायचा. पण त्याच्या आडतीवर सौदा अजून जुन्या रीतीनं व्हायचा. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव ठरायचा, तिसऱ्याला पत्ता नाही.

"भाव चांगला देता, एवढं लिवून द्या," मानसिंग म्हणाला.

"खुळा का काय रं तू?" तात्याबा हसला. "आज तुला लिवून दिलं तर उद्या माझ्या रुमालाखाली कोन हात घालंल?"

हळद विकली जात होती आणि पुरावा मिळत नव्हता. मानसिंग तडक साताऱ्याला आला.

"साहेब, पुरावा कागदावर येत न्हाई. हातात येतोय. चला सांगलीला."

तुम्ही हसलात. तुमचा शिपाई हसला. दुसऱ्या दिवशी मानसिंग पुन्हा टेबलापुढं उभा. तिसऱ्या दिवशीही उभा. पहारे दिलेल्या माणसाला उभं राहायचं काय ओझं? शेवटी वैतागून तुम्ही जीप काढलीत.

आडतीत दोन ढीग घातले होते. एक राहीबाईनं तुडवलेला, एक ढोलातला.

"आज माझ्या जागी साहेबांचा हात," मानसिंग म्हणाला.

तात्याबानं तुमच्याकडं बघितलं. "साहेबास्नी बोटं कळत्यात व्हय?"

"कळतात," तुम्हीच बोललात. "वडिलांबरोबर बैलांच्या बाजारात वाढलोय मी."

पहिल्या ढिगाशी रुमाल पडला, उचलला गेला. मग दुसऱ्या, ढोलातल्या ढिगाशी पडला, आणि तुमच्या भुवया वर गेल्या. सगळ्या आडतीनं त्या बघितल्या, साहेब. तुम्ही हात पुसलात, "कळवतो" म्हणालात आणि जीपकडं वळलात.

मानसिंग जीपला आडवा झाला. त्यानं हात जोडले नाहीत, आवाजही चढवला नाही.

"कळवू नका. हितंच बोला. दुसऱ्या ढिगाला भाव जास्त आला, का न्हाई?"