तुलनेसाठी आणलेला पाय

गाऊटमध्ये सांधे कसे सुजतात, यावर आमच्या दवाखान्यात अभ्यास चाललाय. खास सीटी स्कॅनमध्ये सांध्यात साचलेले युरिक अ‍ॅसिडचे खडे हिरवे दिसतात. स्कॅन काढायचं काम माझं. दुखरे पाय ढिगाने आले, पण तुलनेसाठी निरोगी पाय मिळेनात. म्हणून काकांसोबत मी बाबांनाही नेलं. मीच अक्कल गहाण ठेवली होती!

काकांना गाऊट आहे. त्यावरून बाबा आठ वर्षं त्यांना फैलावर घेतायत. "जिभेवर ताबा नाही, दुसरं काय! माझा पाय बघ!" स्कॅनच्या टेबलावरही तेच पुराण. शेवटी मी ओरडले, "बाबा, पाय हलतोय! गप पडा!"

काकांच्या अंगठ्यात चार हिरवे ठिपके निघाले. बाबांच्या अंगठ्यावर मात्र अख्खी हिरवळ उगवली होती.

"मशीन बिघडलंय," बाबा म्हणाले.

"मशीन ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "खडे असूनही काहींना दुखत नाही."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. पाचच मिनिटांत ते कण्हायला लागले. काकांची काठी हिसकावून, डावा पाय ओढत, "आई गं" करत निघाले. बिचारे काका भिंत धरून मागे.

दारापाशी काका हळूच म्हणाले, "दादा, स्कॅन उजव्या पायाचा होता."

बाबा थांबले. दोन्ही पायांकडे आळीपाळीने बघितलं. मग काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने "आई गं" म्हणत उजवा पाय ओढायला लागले.