तबकडीवरचे गाव

मी एक जुने फ्रेंच, कंदिलाच्या आकाराचे घड्याळ आहे. डोक्यावर घंटा, अंगावर पितळ आणि पोटाखाली दोरीला लोंबणारे वजन, असा माझा थाट! मित्रांनो, मला काटा एकच आहे म्हणून हसू नका. माझ्या काळी मिनिटांची एवढी घाई कुणालाच नव्हती.

मला घडवले माथुरँने, शार्लव्हिल शहरात. पण तो मूळचा डोंगरातल्या ग्रीव्होचा. तिथे घरोघर खिळे घडवत. त्याची आई पेरेत ऐरणीशी बसे आणि मोठ्या लाकडी चाकात त्यांचा कुत्रा ब्रिफो धावे. ते चाक फिरले की भाता हले. लहानगा माथुरँ ते तासन्‌तास बघत राही. एका चाकाने दुसरे काय काय हलवता येते, हे त्याला तिथेच उमगले. म्हणजे माझा जन्म त्या कुत्र्याच्या पायांतून झाला, आणि मला त्याचा भारी अभिमान वाटतो. माथुरँला मात्र शहरात आल्यावर त्या खिळ्यांच्या गावाची लाज वाटू लागली.

तबकडीवर कारागिराचे नाव आणि गाव कोरायची तेव्हा रीत होती. मला घेणारे कापडाचे व्यापारी, मोस्यू दुवाल, नाक मुरडून म्हणाले, "ग्रीव्हो? खिळेवाल्यांचं गाव वेळ काय सांगणार? शार्लव्हिल कोरा. नाहीतर घड्याळ ठेवा तुमच्याकडेच!"

माथुरँने मुकाट्याने शार्लव्हिल कोरले. मला ते फार लागले, पण सांगणार कुणाला?

मोस्यू मला न्यायला येणार होते, त्याच सकाळी सफरचंदांच्या गाडीत बसून पेरेत येऊन थडकली. लेकाचे पहिले घड्याळ तिला डोळे भरून बघायचे होते. कमरेच्या फडक्याला हात पुसून तिने माझ्या तबकडीवर बोट फिरवले.

"काय लिहिलंयस रे?"

"माझं नाव. आणि... आपलं गाव."

"असं होय? मग येताना शहराच्या वेशीवर हीच अक्षरं कशी दिसली मला? वाचता येत नाही रे, पण खिळ्याचं टोक पारखणारे डोळे आहेत हे."

माथुरँची मान खाली गेली.

"गाव नको होतं, तर ब्रिफोचं नाव घालायचंस. तो बिचारा जन्मभर धावला."

एवढे बोलून तिने गाठोड्यातून काळा पाव आणि खारवलेले मांस काढले. "खा आधी. किती वाळलायस!"

ती रागावली असती, तर माथुरँने काहीतरी सबब सांगितली असती. पण या मायेपुढे तो पार हरला. त्याने छिन्नी उचलली, शार्लव्हिल खरवडून काढले आणि त्या खडबडीत पितळावर ग्रीव्हो कोरले. मी निमूटपणे सोसले.

तेवढ्यात मोस्यू दारात उभे राहिले. "हे काय केलंत? पार वाटोळं केलंत की घड्याळाचं!"

"मोस्यू, मी ग्रीव्होचा आहे."

"मग बसा ग्रीव्होलाच विकत!" म्हणून ते दार आपटून निघून गेले. माथुरँची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

पेरेतने माझ्याकडे पाहिले. "आता वाच."

"माथुरँ जॉब्ले, ग्रीव्हो."

"मोठ्यानं वाच रे. रस्त्यावर ऐकू जाऊ दे!"

त्याने वाचले, पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना त्याला हुंदका आवरेना.

त्यानंतर मी कितीतरी घरे पाहिली. अजूनही कुणीतरी म्हणते, ती तबकडी घासून गुळगुळीत करू या. मित्रांनो, तेवढे करू देऊ नका. रोज माझे वजन वर ओढा, चाकांना थेंबभर तेल द्या, पण त्या खरवडलेल्या जागेला हात लावू नका. तिथे एका मुलाने आपल्या आईची माफी मागितली आहे.