बगळ्याच्या बाजूने

चौकातल्या चष्म्यांच्या दुकानात बसणाऱ्या बाईला सगळे चष्मेवाली ताई म्हणत. डोळे तपासून नंबर काढणं, फ्रेम नाकावर नीट बसवणं, आणि 'मला कुठे चष्मा लागतोय' म्हणणाऱ्या माणसाला त्याचा मान राखून चष्मा लावणं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बोलणं मोजकं, केस चापूनचोपून बांधलेले, हसायची तेही ओठ मिटून. अशी बाई गेलं वर्षभर एका बगळ्यात जीव गुंतवून बसली आहे, हे कुणाला सांगून पटलं नसतं. तिनं सांगितलंही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

झालं होतं असं, की तिच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं एक दिवस आपलं कपाट आवरायला काढलं आणि 'धुक्याची वारसदार' या मालिकेची जाडजूड पुस्तकं देऊन टाकायच्या खोक्यात टाकली. एके काळी हीच पुस्तकं ती जेवताना ताटाशेजारी उघडी ठेवायची.

"अगं, ही पण?" आईनं विचारलं होतं.

"लहान मुलांचं आहे ते," लेक म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

खोकं वाटेत वाचनालयात द्यायचं म्हणून ताईनं दुकानात नेलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पानं धड आहेत ना, एवढंच बघायला तिनं पहिलं पुस्तक उघडलं. गिऱ्हाईक आलं तेव्हा ती सातव्या प्रकरणात होती आणि तिला त्या गिऱ्हाइकाचा चक्क राग आला. खोकं वाचनालयात गेलंच नाही. काउंटरखाली लेन्सच्या डब्यांमागे राहिलं.

गोष्ट तशी साधी होती. एका मुलीला धुकं बोलावता येतं आणि तिच्यावर दोघांचा जीव जडतो. एक तळ्याखाली राहणारा चंदेरी डोळ्यांचा राजपुत्र. तो तीनशे वर्षांपूर्वी वारलेला असला तरी अंगावर एक सुरकुती नाही. दुसरा गावातला साधा मुलगा, शापामुळे सूर्य मावळला की त्याचा बगळा होतो आणि उजाडेपर्यंत तो पाणथळीत उभा राहतो. ताईचा जीव या दुसऱ्यावर जडला. त्यातही चमच्याच्या प्रकरणावर. थंडीत तळं गोठतं, बगळ्याचा पाय बर्फात अडकतो, आणि हाती दुसरं काही नाही म्हणून ती मुलगी स्वयंपाकघरातला चमचा घेऊन रात्रभर त्याच्या पायाभोवतीचा बर्फ खरवडत बसते. हे वाचताना ताईनं रस्त्याकडे पाठ करून भिंतीवरच्या फ्रेमा पुसायला घेतल्या होत्या, रस्त्यावरच्यांना तोंड दिसू नये म्हणून.

एवढं सगळं एकटीच्या पोटात राहीना, तेव्हा तिनं पुस्तकं धाकट्या बहिणीला दिली. धाकटी हॉस्पिटलात आखडलेले खांदे आणि गुडघे हलते करायचं काम करायची, आणि तोंडाला तिच्या कधी कुलूप नसायचं. तिनं चारही पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचली आणि सरळ राजपुत्राच्या गोटात जाऊन बसली.

"ताई, तुझा बगळा रात्रभर एका पायावर उभा असतो," ती म्हणायची. "माझ्याकडे आला तर आधी कंबरेचा पट्टा देईन त्याला."

"तुझा मेलाय."

"मेलाय, पण चालतो कसा बघ. ताठ."

या पुस्तकांवरचा पहिला सिनेमा त्यांनी धाकटीच्या घरी, पडदे ओढून बघितला होता. आता दुसरा भाग यायचा होता आणि गावभर त्याचीच हवा होती. बसथांब्यांवर पोस्टर, बिस्किटांच्या पुड्यांवर राजपुत्र. दोन मिनिटांच्या ट्रेलरवर बहिणींनी महिनाभर खल केला. एका ठिकाणी कोपऱ्यात काहीतरी पांढरं हलतं. ताईच्या मते तो बगळा, धाकटीच्या मते टॉवेल.

"पहिल्या दिवशी, पहिल्याच संध्याकाळी जायचं," धाकटीनं ठरवून टाकलं.

"कुणी बघितलं तर?"

"तिथे सगळी पंधरा वर्षांची पोरं. आपल्या वयाचं माणूस त्यांना दिसतच नाही."

त्या दिवशी ताईनं नवऱ्याला सांगितलं की नव्या फ्रेमा आल्यात, मांडणी लावायला उशीर होईल. नवरा नकाशे काढायच्या कचेरीत होता. त्याला कुठलीही मांडणी महत्त्वाची वाटायची. तो म्हणाला, "सावकाश ये, जेवणाचं मी बघतो." लेकीनं तर तिच्याही आधी सांगून ठेवलं होतं की मैत्रिणीकडे केमिस्ट्री करायला जाते. सगळं इतकं बिनबोभाट जमलं, की ताईला उलट धास्तीच वाटली. चोराच्या मनात चांदणं.

थिएटरच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे तिकडे पुठ्ठ्याचे पंख आणि पापण्यांवर फासलेला चंदेरी रंग. धाकटी एक करडा झगा घालून आली होती. तो न्हाणीघराच्या जुन्या पडद्याचा होता. खालच्या काठाला कड्यांची भोकं अजून शाबूत होती. ताई नेहमीच्याच कपड्यांत आली होती. पर्समध्ये मात्र तिनं एक पांढरं पीस ठेवलं होतं, आणि ते धाकटीलाही सांगितलं नव्हतं.

तिकीट तपासणाऱ्या माणसानं दोघींकडे बघून अदबीनं हात केला. "पालकांसाठी बाकडी तिकडे आहेत. कॉफीपण ठेवलीय. शो सुटला की मुलं तिथेच येतील."

ताईचे कान लाल झाले. धाकटीनं झगा सावरला आणि तिकिटं पुढे केली. "मुलं नाहीत. हिला घेऊन आलेय. एकटी घाबरते."

आत जागा शोधून बसल्यावर ताईला जरा हुश्श झालं. तेवढ्यात तिचं लक्ष पुढच्या रांगेतल्या एका मुलीकडे गेलं. बाकी सगळी पोरं घोळक्यानं आली होती, एकमेकांच्या मांडीवरून पॉपकॉर्न फिरवत होती. ही एकटीच, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून बघणारी. तोंडावर कागदाचा बगळ्याचा मुखवटा, लांब चोचीचा, मेहनतीनं केलेला. आणि नीट दिसावं म्हणून मुखवट्यावरून चष्मा.

ताईनं चष्मा बघितला. ती आधी चष्माच बघायची, मग माणूस. डाव्या काडीचा स्क्रू पितळी होता, उजव्या काडीचा चंदेरी. चंदेरी संपले होते म्हणून मागच्या महिन्यात तिनं स्वतःच तो पितळी बसवला होता, स्वतःच्या जेवायच्या टेबलावर.

"धाकटे," ती कुजबुजली, "केमिस्ट्री पुढे बसलीय."

धाकटीनं मान लांब केली, बघितलं, आणि झग्याची टोपी कपाळावर ओढली. "बोलू नकोस. वळली तर दोघी मेलो."

"एकटी का आलीय ही?"

"ते नंतर. आधी खाली सरक."

दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला. पण ताईचं निम्मं लक्ष पुढच्या चोचीवर. राजपुत्र तळ्यातून वर आला तेव्हा सगळं थिएटर किंचाळलं आणि शेजारी धाकटीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. चोच मात्र हलली नाही. मग बगळा आला. खरंच ट्रेलरमधलं ते पांढरं म्हणजे बगळाच होता. त्याला गावातून हाकलतात आणि तो आपल्या घराच्या दाराकडे एकदाच मान वळवून बघतो. ताईला आवरेना. तिनं रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

ताईच्या या नाक शिंकरण्याला घरात रणशिंग म्हणत. एवढ्या मोजक्या बाईतून एवढा आवाज कुठून येतो, हे कुणाला उमगलेलं नव्हतं.

पुढची चोच झटकन मागे वळली.

"आई?"

चारी बाजूंनी "शू" झालं. मायलेकी अंधारात एकमेकींकडे बघत राहिल्या. मग लेक हळूच पुढे वळली. मध्यंतर होईपर्यंत तिच्या मानेकडे बघून काही कळत नव्हतं.

दिवे लागले तसा तिनं मुखवटा कपाळावर सारला. "तू इथे काय करतेयस?"

"फ्रेमा लावतेय," ताई म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही. "तुझी केमिस्ट्री?"

"चाललीय."

"नमस्कार," धाकटी झग्यातून म्हणाली.

"मावशी? हा बाथरूमचा पडदा आहे?"

"आता नाही."

लेक हसली, पण लगेच तिचं तोंड उतरलं. ताईला तिचा तो चेहरा माहीत होता. नंबर वाढलाय हे आधीच कळलेल्या माणसाचा असतो तसा. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मैत्रिणी नाही आल्या?"

"त्यांना हे सगळं बालिश वाटतं. मागच्या वर्षी वर्गात पुस्तक दिसलं माझ्याकडे, तर आठवडाभर 'बगळे, बगळे' म्हणून हाका मारत होत्या." लेकीनं मुखवट्याची चोच चिमटीत धरली. "म्हणून देऊन टाकली मी पुस्तकं. आज त्यांना सांगितलंय, आई बरी नाहीये, घरीच आहे."

"म्हणजे मी आजारी आहे?"

"थोडीशी."

धाकटीला हसू आवरेना. ताई मात्र हसली नाही. खोकं भरताना लेक दुसरीकडे का बघत होती, ते तिला आत्ता कळत होतं. शेकडो लोकांच्या डोळ्यांत वाकून बघणारी बाई, आणि घरातलं तेवढं दिसलं नाही. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती. तिनं पर्स उघडली आणि पांढरं पीस काढून लेकीच्या हातावर ठेवलं.

"पुस्तकं माझ्याकडेच आहेत," ती म्हणाली. "काउंटरखाली. वाचली मी सगळी."

"सगळी?"

"काही दोनदा."

लेकीनं तिच्याकडे नवीन आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग डोळे बारीक करून विचारलं, "कुणाच्या बाजूची तू?"

"बगळ्याच्या. हे काय विचारणं झालं?"

धाकटीच्या पलीकडच्या मुलीनं आनंदानं पुढची जागा घेतली आणि लेक मागे येऊन दोघींच्या मध्ये बसली. बसल्या बसल्या मावशीला म्हणाली, "आणि तू त्या प्रेताच्या?"

"वंशच वाईट तुमचा," मावशी म्हणाली आणि पॉपकॉर्न पुढे केलं.

उत्तरार्धात तळं गोठलं. ताई खुर्चीत पुढे सरकली. बगळ्याचा पाय अडकला, मुलगी धावत आली, गुडघ्यांवर बसली, तिनं खिशात हात घातला. आणि मागून राजपुत्र आला. त्यानं नुसतं बर्फाकडे बघितलं. चंदेरी डोळे लकाकले आणि सगळा बर्फ एका क्षणात वितळून गेला. बगळा उडाला. वाद्यं थांबली, पडद्यावर नुसतं धुकं, आणि थिएटरभर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

"चमचा कुठेय?" ताई म्हणाली.

तिला वाटलं होतं आपण मनात म्हणालो. पण ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. लेकीनं मुखवटा खसकन तोंडावर ओढला. कुणीतरी हसलं. आणि मग मागून कुठूनतरी एक मुलगी खरोखर दुखावलेल्या आवाजात म्हणाली, "खरंच, चमचा कुठेय?" डावीकडून आणखी एक आवाज आला. बघता बघता निम्मं थिएटर चमचा मागायला लागलं. पंख लावलेली पोरं उभी राहिली, टाळ्यांच्या ठेक्यावर "चमचा, चमचा" सुरू झालं, आणि तिकीट तपासणारा माणूस टॉर्च घेऊन धावत आला. काय मागतायत हे त्याला कळेना. त्यानं बाहेर जाऊन आइस्क्रीमच्या काउंटरवर विचारलं म्हणे.

ताई खुर्चीत इतकी खाली गेली होती, की तिचा फक्त अंबाडा वर दिसत होता. शेजारी मुखवट्याच्या आत लेकीचे खांदे गदगदत होते. ताईला वाटलं रडतेय. तिनं वाकून बघितलं, तर हसून हसून तिच्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती. ताईनं मुखवटा वर सारून सवयीनं तो काढून घेतला, पुसला आणि परत तिच्या नाकावर बसवला.

बाहेर पडताना अनोळखी पोरंपोरी ताईला वाट करून देत होती. एकीनं तर "काकू, बरोबर बोललात" म्हणून हात मिळवला. लेकीनं मुखवटा आता हातात धरला होता. एवढ्यात तिचा फोन वाजला. मैत्रीण होती, आईची तब्येत कशी आहे विचारत होती.

लेकीनं आईकडे बघितलं. ताई पोस्टर वाचण्यात गढून गेली.

"बरी आहे," लेक म्हणाली. "म्हणजे आजारी नव्हतीच. सिनेमाला आलेय मी. हो, तोच. आईबरोबर." मग लेकीच्या भुवया वर गेल्या. "अं? नाही, बगळा मरत नाही. पण चमचा काढून टाकलाय." ती ऐकत राहिली. "हो ना? तेच तर."

फोन ठेवून तिनं एवढंच सांगितलं, "उद्या तीपण बघणार आहे. चोरून."

घरी नवरा तिघींची वाट बघत नव्हता. तो दोघींचीच बघत होता, त्याही वेगवेगळ्या येणाऱ्या. दार उघडल्यावर समोर बायको, तिच्यामागे पडदा पांघरलेली मेहुणी आणि केमिस्ट्री संपवून आलेली लेक, डोक्यावर चोच. त्यानं तिघींना आत घेतलं, पानं वाढली आणि मग विचारलं, "फ्रेमा लागल्या?"

ताईनं सगळं सांगून टाकलं. काउंटरखालच्या खोक्यापासून ते चमच्यापर्यंत. मध्ये मध्ये धाकटी राजपुत्राची बाजू मांडत होती आणि लेक ती खोडून काढत होती. तो शांतपणे जेवत, ऐकत राहिला. फसवलं म्हणून रागावेल असं ताईला वाटत होतं. तो मात्र कपाळाला आठ्या घालून विचारात पडला होता.

"हे तळं गावाच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या?" त्यानं शेवटी विचारलं. "आणि रात्रभर बगळा, तर मग मासे खातो का तो? सकाळी माणूस झाल्यावर पोटात ते मासे कसे राहतात?"

लेकीनं ताट बाजूला सारलं.

"दुसऱ्या पुस्तकात आहे ते, बाबा," लेक गंभीरपणे म्हणाली, आणि खुर्ची त्याच्या जवळ ओढून अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.