वैभवीनं नोकरी सोडली, पण पळून नाही

माझी नात वैभवी विमान चालवते. नरखेड तालुक्यात दुसरी कोणी असेल तर दाखवा. तिनं नोकरी सोडली तेव्हा गावातल्या बायका कुजबुजल्या, काढली असेल. त्यांच्यासाठी हे लिहिते, त्यांना वाचता येत असेल तर.

झालं असं, की कंपनीनं वैमानिकांची विश्रांती कमी केली. पहाटे उठवायचं, दिवसभर उडवायचं, दुसऱ्या पहाटे पुन्हा हजर. वैभवीनं मोठ्या साहेबांना, ओमप्रकाश त्यांचं नाव, तोंडावर सांगितलं, की पेंगत पेंगत मी दीडशे माणसं खाली उतरवणार नाही. साहेब म्हणाले, वरून हुकूम आहे. तिनं वरही कळवलं. कोणी ऐकेना, तेव्हा राजीनामा दिला.

मी म्हटलं, "उद्यापासून जाऊच नको. बिमार पडली म्हन अन् बस घरी. मंग पाहू कोन उडवते त्याइचं विमान!"

"आजी, मी नाई गेली तं माह्या जागी दुसऱ्या कोनाले बिनझोपेचं उठवतीन."

"मंग पेपरात दे त्या साहेबाचं नाव!"

"जे बोलाचं थे त्याइच्या समोर बोलली ना मी. आता मांगून काहून बोलू?"

अशी पोरगी. नोटिशीची सगळी मुदत तिनं उडण्यात काढली. नवीन आलेल्या दीक्षाला हाताशी घेऊन समजावलं. उशीर नाही, कुरकुर नाही. मी असते तर त्या ऑफिसातल्या खुर्च्यांनीसुद्धा कान झाकले असते.

शेवटच्या उड्डाणाच्या दिवशी मी हट्टानं नागपूरला गेले. गाडीत मुलानं बजावलं, "आई, तिचे अनुभवाचे कागद अजून त्या साहेबाच्या हाती आहेत. थे भेटल्याशिवाय तिले विमान शिकवाची नवी नोकरी भेटत नाई. तू तिथं एक शब्द बोलली, का पोरीच्या मेहनतीवर पानी."

"मी मुकी राहतो," मी म्हटलं.

विमानतळाच्या दाराशी उभे राहिलो. वैभवी आली, टोपी काखेत, बॅग ओढत. तिच्यासोबत एक उंच माणूस. हेच ओमप्रकाश साहेब, त्याच विमानानं आले होते. माझी जीभ शिवशिवली. मुलानं पदर ओढला.

वैभवी म्हणाली, "आजी, हे माझे साहेब. वादळी हवेत विमान कसं उतरवायचं, ते यांनी शिकवलं मला."

ज्याच्याशी पटलं नाही, त्याचा गुण चारचौघांत सांगते! साहेबांची मान खाली गेली. म्हणाले, "आजी, तिचं म्हणणं चूक नव्हतं. माझ्या हातात काही नव्हतं."

हातात नव्हतं तर एवढी मोठी खुर्ची कशाला अडवली, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण शेजारी नात उभी होती, अगदी ताठ. ते मी गिळलं. पण मुकी राहणं काही जमलं नाही.

आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या गड्याला सालदार म्हणतात. मी म्हटलं, "साहेब, मीबी मालकीन आहो, संत्र्याच्या बगीच्याची. माहा सालदार भांडला, तरी साल पुरं करून निंगते ना, तं मी त्याले पाटावर बसवून जेवू घालतो. त्याची वळकटी माहा पोरगा वेशीपर्यंत नेऊन देते. तुमच्या कंपनीत काय रीत आहे?"

मुलानं कपाळाला हात लावला. वैभवी ओरडली, "आजी!"

मला वाटलं, गेले पोरीचे कागद.

"कंपनीत अशी रीत नाही," साहेब म्हणाले. आणि त्यांनी वाकून वैभवीची बॅग घेतली. ती नको नको म्हणत असताना गाडीपर्यंत ओढत नेली, स्वतः डिक्कीत ठेवली. "कागद सकाळी तयार असतील, कॅप्टन. नव्या ठिकाणी कोणी विचारलं, तर माझं नाव सांगा."

गाडी निघाली. वैभवी माझ्याकडे वळून म्हणाली, "सालदार म्हटलं वं तू मले?"

"मंग काय म्हनू, पळपुटी?"

ती इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पदरानं पुसलं.