आतली ओल

विमानांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणत, आणि मामा हाताखालच्या मुलीला ताई म्हणत, ती वयाने त्यांच्या निम्मी असली तरी. मामा आता निवृत्त होणार होते. त्यांची जागा ताईला द्यायची की बाहेरून कुणाला आणायचं, हे साहेब एका ठिगळावर ठरवणार होते. चाकावरच्या झाकणाला तडा गेला होता, तो तिने एकटीने बुजवायचा. ती जागा तिला मनापासून हवी होती.

आणि ठिगळ फुगलं! भाजलेल्या हातावर यावेत तसे फोड.

“पुसलं होतंस?” मामांनी विचारलं.

“पुसलं, हात फिरवून बघितलं. कोरडं ठणठणीत होतं.”

“हाताला कोरडं होतं,” म्हणत मामा चालू लागले. अर्धंच बोलायचं आणि उरलेलं दुसऱ्याच्या माथी मारायचं, ही त्यांची जुनी खोड.

ताई आधी चिडली, मग वरमली. झाकण पत्र्याचं थोडंच होतं? धाग्यांचे थर राळेत बसवून केलेलं. असली वस्तू वर्षानुवर्षं हवेतली ओल गुपचूप पीत राहते, वरून पत्ता लागू देत नाही. ठिगळ चिकटवायला कडक ताप दिला की त्या पाण्याची वाफ होते आणि ठिगळच उचलते. शिकताना घोकलेलं हे सगळं तिने घाईत गुंडाळून ठेवलं होतं.

तिने ठिगळ खरवडलं, झाकण काट्यावर तोललं, मंद आचेवर शेकलं, पुन्हा तोललं. वजन उतरलं होतं. पाणी निघत होतं! पुन्हा शेक, पुन्हा काटा.

सकाळी साहेब येऊन डोक्यावर बसले. “अहो, विमान खोळंबलंय! अजून किती लाड करणार त्याचे?”

“वजन उतरायचं थांबेपर्यंत.”

“मामा, तुम्ही तरी सांगा हिला!”

मामांना नेमकं तेव्हाच कमी ऐकू यायला लागलं. ताई काट्यासमोरून हलली नाही. साहेब पाय आपटत गेले आणि मामा सावकाश त्यांच्या मागे.

दुपारी काटा एका जागी थांबला, मगच तिने ठिगळ लावलं. संध्याकाळी ते तापातून निघालं, सपाट, गुळगुळीत. तिने नाण्याने सगळीकडे ठोकून पाहिलं, कुठेही पोकळ आवाज नाही. आनंदाने तिचे डोळे भरून आले.

“मामा, आता तरी साहेबांना सांगाल ना?”

“सकाळीच सांगितलं, बाहेरचं कुणी नको म्हणून. तयार झाले.”

“सकाळी? तेव्हा ठिगळ कुठे बसलं होतं?”

“तू बसली होतीस ना, काट्यासमोर.”