पुढच्या हातांवरची पट्टी

बहिणीच्या ज्या पत्राला मी वेळेवर उत्तर दिलं नाही, ते मला अजून पाठ आहे. लांबलचक नव्हतंच ते.

'दादा, फोनवर तू नुसतं बघतो-बघतो करतोस, म्हणून लिहितेय. लिहायला बसलास की निदान एक शब्द तरी निवडावा लागेल. भाऊजी म्हणतात, गाडी आधीपेक्षा दुप्पट मजबूत झालीय. तू जाऊन ती खालून बघ. पोरगी त्याच गाडीतून पाहुणे घेऊन घाट चढणार आहे. तिला गाडी द्यायची का? हो किंवा नाही, एवढंच कळव. तुझं पत्र आलं नाही, तर सगळं ठीक आहे असं मी समजेन.'

शेवटच्या ओळीनं माझी पंचाईत केली होती. गप्प बसणं हाच माझा जन्मभराचा आसरा, आणि बहिणीनं नेमका त्याचाच अर्थ 'हो' असा ठरवून टाकला होता.

ती वर डोंगरावर राहते. तिचा धंदा गाड्या भाड्यानं देण्याचा. नवरा गेल्यावर तिनं तो एकटीनं उभा केला. डोंगरावरच्या हॉटेलांत जाणाऱ्या पाहुण्यांना खालच्या स्टेशनवरून उचलायचं, वर सोडायचं, पुन्हा खाली आणायचं. अलीकडेच तिनं एक उंची एसयूव्ही घेतली होती. आतून दिवाणखान्यासारखी, बाहेरून रणगाड्यासारखी. भाचीच ती चालवायची. एका वळणावर समोरून आलेल्या टेम्पोनं गाडीचं तोंड पार चेपून टाकलं. भाची दार उघडून चालत बाहेर आली. गुडघ्याला खरचटलं, बाकी काही नाही. गाडी मात्र ओढून खाली आणावी लागली, आणि ती आली बहिणीच्या दिराच्या गॅरेजात.

या दिराला सगळे पोलाद म्हणतात. कुठलीही गाडी दुरुस्तीला आली की जिथं जागा दिसेल तिथं तो लोखंड चढवतो, म्हणून. माणूस दिलदार, हाताला जबरदस्त, आणि माझ्याशी बोलताना नेहमी थट्टेच्या सुरात. मी तंत्रशाळेत गाड्यांचे सांगाडे शिकवायचो. त्यावर एक क्रमिक पुस्तकही लिहिलं. पोलादच्या हिशेबी मी म्हणजे असा मास्तर, ज्याच्या नखाखाली कधी ग्रीस गेलं नाही. ते खरंच आहे.

पत्र आल्यावर मी गॅरेजात गेलो होतो. त्यानं गाडी दाखवली. बॉनेटचा रंग असा जुळवला होता की जुना कुठं संपतो आणि नवा कुठं सुरू होतो, कळत नव्हतं. मी कौतुक केलं. त्यानं चहा मागवला. गाडी लिफ्टवर घ्या, मला खालून बघायचंय, हे वाक्य चहाच्या प्रत्येक घोटाबरोबर माझ्या ओठापर्यंत येत होतं आणि परत जात होतं. शेवटी मी कप ठेवला, छान झालंय म्हणालो, आणि घरी आलो.

मग उत्तराचे मसुदे सुरू झाले. पहिल्यात मी चासीवाली गाडी आणि मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेली गाडी, यांतला फरक लिहिला. दुसऱ्यात टिकाऊपणा म्हणजे नेमकं काय, यावरच गाडी अडली: खड्ड्यांत वर्षानुवर्षं टिकणं वेगळं आणि एका धडकेत माणूस टिकणं वेगळं. तिसऱ्यात 'तथापि' इतक्या वेळा आलं की मलाच लाज वाटली. या नव्या गाड्या मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आल्या. त्यांच्याबद्दल मला जे ठाऊक होतं, ते वाचून. न बघता कुणाच्या कामावर कसं बोट ठेवायचं? आणि बघायला तर मी घाबरलो होतो.

अशात एका सकाळी भाची दारात उभी राहिली. खांद्याला पिशवी, हातात सफरचंद. गाडी न्यायला आली होती. पाहुणे दुपारच्या रेल्वेनं खालच्या स्टेशनवर उतरणार होते, एक म्हातारं जोडपं.

"आई म्हणाली, मामाचं पत्र नाही म्हणजे सगळं ठीक," ती म्हणाली. "चल गॅरेजपर्यंत. येताना तुला सोडते. नव्या गाडीत बसलायस कुठं तू अजून?"

मी चपला घातल्या. वाटेत ती पाहुण्यांबद्दल, हंगामाबद्दल, पहिल्या वळणावर बसणाऱ्या भटक्या कुत्र्याबद्दल बोलत होती. मी हूं हूं करत होतो.

गॅरेजात पोलादनं किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि डोक्यावर टपली मारली. आता डोंगर अंगावर आला तरी डोंगरालाच पोचे पडतील, असं काहीसं म्हणाला. त्याचे दोन वेल्डर हसले. भाची दार उघडून आत बसली. इंजिन सुरू झालं, आणि त्या आवाजानं माझ्या तोंडाचं कुलूप एकदाचं निघालं. पण निघालं ते केवढंसं. गाडी जरा वर घेता येईल का, असं मी विचारलं, आणि तेही जमिनीकडे बघत.

पोलादचं हसू मावळलं नाही, पण थांबलं. कशाला, असं त्यानं विचारलं. मी सहजच म्हणालो. भाचीनं इंजिन बंद केलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मामा सहज म्हणून काही करत नाही, हे तिला माहीत होतं.

गाडी लिफ्टवर चढली. खाली काळं प्लास्टिकचं कव्हर होतं. ते काढल्याशिवाय काही दिसणार नव्हतं. काढायला सांगणं म्हणजे त्याच्या कामावर शंका घेणं. वेल्डर हातातली कामं सोडून उभे राहिले. मी कव्हरकडे बोट केलं. पोलादनं स्वतःच पाना घेतला आणि एकेक बोल्ट सोडवायला लागला. प्रत्येक बोल्ट ट्रेमध्ये टणकन पडत होता.

कव्हर उतरलं. मी टॉर्च वर धरली.

अशा गाडीला खाली वेगळी चासी नसते. तळ, बाजू, छप्पर सगळं मिळून एकच पेटी असते. त्या पेटीतून इंजिनाच्या दोन्ही अंगांनी दोन पोकळ हात पुढं गेलेले असतात. त्या हातांवर कारखान्यातच आडव्या चुण्या पाडलेल्या असतात, खेळण्यातल्या बाजाच्या भात्यासारख्या. मी त्या चुण्या शोधत होतो. दिसली ती जाड पट्टी. बोटाएवढी जाड, हाताच्या पूर्ण लांबीला बसवलेली, चारी बाजूंनी वेल्ड केलेली. वेल्डिंग सुरेख होतं, एका दमात केलेलं. वरून काळा रंग. मी दुसऱ्या बाजूला गेलो. तिथंही तशीच.

"त्या बाजूचा हात वाकलाच नव्हता," पोलाद म्हणाला. "पण एकाच बाजूला लावली असती तर गाडी लंगडली असती. म्हणून जोडीनं लावली."

आता मला बोलणं भाग होतं. ही गाडी द्यायची नाही, असं मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

त्यावर जे व्हायचं ते झालं. पोलाद तापला. आयुष्यभर चासींना पट्ट्या मारत आलोय, म्हणाला, माझी एक तरी गाडी परत आली का, विचारा यांना. वेल्डरांनी माना डोलावल्या. ते खरं होतं. ज्या गाडीत खाली शिडीसारखी चासी असते आणि वर रबरांवर पेटी बसवलेली असते, तिथं तडा गेलेल्या जागी बरोबर मारलेली पट्टी गाडीला पुन्हा उभी करते. तसल्या गाड्या त्याच्या हातून कितीतरी वाचल्या होत्या. मी तसं म्हणालोही. पण या गाडीतले पुढचे हात निराळे, म्हणालो. ते मोडावेत म्हणूनच तसे केलेले असतात.

"मोडावेत म्हणून?" त्यानं वेल्डरांकडे वळून बघितलं. "ऐकलंत का रे? घराच्या किमतीची गाडी, आणि मास्तर म्हणतायत, ती मोडायला केलीय."

ते हसले. माझे कान तापले. एरवी याच क्षणी मी माघार घेतो. बरोबर असलो तरी. टॉर्च बंद करावी, तुम्ही म्हणता ते ठीक असेल म्हणावं, आणि घरी जाऊन चौथा मसुदा लिहावा, असं मनात आलंही.

भाची लिफ्टखाली माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पट्टीवर बोट फिरवलं.

"मामा, हे हात मोडले नाहीत तर काय होतं?"

"मग त्यांच्या मागचं मोडतं."

"मागे काय असतं?"

"तू असतेस," मी म्हणालो.

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, वाजवत राहिला, आणि निघून गेला.

मग मी सांगत गेलो, आणि नवल म्हणजे थांबलो नाही. त्या टेम्पोच्या धडकेत गाडीचं तोंड कागदासारखं चुरगळलं. धडकेचा सगळा जोर त्या चुरगळण्यात खर्च झाला, म्हणूनच ही दार उघडून चालत बाहेर आली. आता दोन्ही हात चुरगळणार नाहीत; तो जोर जसाच्या तसा आत येईल. शिवाय एअरबॅगचे फुगे कधी उघडायचे, याचं गणित त्या हातांच्या चेपण्यावर बांधलेलं असतं. आणि या पातळ पत्र्याचा कणखरपणा वेल्डिंगच्या उष्णतेनं जातो. हे सगळं मी पुस्तकात वाचलंय, म्हणालो, हातानं कधी केलेलं नाही. पण मला यात शंका नाही. हे शेवटचं वाक्य मी कुणाला उद्देशून बोललो, कोण जाणे.

पोलादनं पाना ट्रेमध्ये ठेवला. बराच वेळ तो वर बघत होता, त्या आपल्याच सुंदर वेल्डकडे.

"गाडी ओढून आणली तेव्हा तुम्ही नव्हतात," तो म्हणाला. आवाज बसला होता. "तोंड राहिलंच नव्हतं तिला. आणि ही म्हणे त्यातनं उतरली. मला झोप लागेना. म्हटलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही."

"काका," भाची म्हणाली.

त्यानं डोळे पुसले नाहीत वगैरे. नाक मात्र जोरात शिंकरलं. मग अंगणात उभ्या असलेल्या त्याच्या स्वतःच्या गाडीकडे मान वळवली. जुनी, अवजड, चासीवाली. तिला गॅरेजात म्हातारी म्हणतात. ही चालेल का मास्तरांना, असं त्यानं विचारलं, आणि त्यात थोडा जुना टोमणा परत आलेला ऐकून मला बरं वाटलं. मी तिच्याही खाली वाकलो. धडकेला ही नव्या गाडीच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मी भाचीला सांगितलं. पण ही जशी घडवली तशीच आहे, तिच्यात कुणी काही बदललेलं नाही. सावकाश ने. भाची म्हणाली, म्हातारी सावकाशच जाते, दुसरं तिला येतं कुठं.

ती निघाली. फाटकातून वळताना म्हातारीचं धूड आधी एका बाजूला झुकलं, मग दुसऱ्या.

पोलाद आणि मी मागे उरलो. पट्ट्या कापायच्या, दोन्ही हात नवे मागवायचे, कारखान्यानं सांगितलंय तिथंच जोडायचे, हे त्यानं मान्य केलं. पण गाडी वहिनीची, म्हणाला, आणि वहिनीला दुप्पट मजबूत असं मी सांगून बसलोय. माझ्या तोंडून आता उलटं निघणार नाही. तुम्ही लिहा. तिला तुमचं अक्षर दिसलं आणि तिनं काप म्हटलं, की कापतो. तोवर गाडी इथंच उभी राहील. किल्ली त्यानं खिशात घातली.

दुपारभर मी घरी फोनशेजारी बसून होतो. वाचायला पुस्तक घेतलं, एकच पान पुन्हा पुन्हा उघडलं. संध्याकाळी फोन वाजला. बहीण होती. पोरगी पोचली, म्हणाली, पाहुणे पण. मग जरा थांबली. ही म्हातारीतून का आली, हे कुणी सांगत नाही. पोरगी म्हणते मामाला विचार, भाऊजी म्हणतात मास्तरांना विचार. काय भानगड आहे?

मी सांगायला तोंड उघडलं.

"फोनवर नको," ती म्हणाली. "लिही."

मी लिहायला बसलो. वर तारीख घातली. 'नाही' हा शब्द एका ओळीत एकटाच लिहिला आणि खाली त्याचं कारण. चुण्यांचं लिहिलं, पट्टीचं लिहिलं. भाऊजींनी ती का मारली, तेही लिहिलं, जसं ते बोलले तसंच. त्यांना दोष देऊ नकोस, चासीवाल्या गाड्यांची सवय असलेला कुणीही हेच करेल, असं लिहिलं. पट्ट्या कापायला सांग, आणि नवे हात कारखान्यानं सांगितलेल्या जागीच जोडायला सांग, असंही लिहिलं. एके ठिकाणी 'तथापि' आलं, ते खोडलं. खाली सही केली आणि पुन्हा वाचायच्या आत पाकीट चिकटवलं.

टपालपेटी कोपऱ्यावरच आहे. सकाळी दूधवाला यायच्या आधी गेलो. पाकीट फटीत घातलं, धरून ठेवलं, सोडलं. आत पडल्याचा आवाज आला. कारखान्यानं सांगितलेल्या जागेबद्दल मी नीट लिहिलं का, असं लगेच मनात आलं, आणि मी फटीत हात घालून पाहिला. बोटं पोचली नाहीत.