भिंतीपासून वीतभर पुढे

मोजणीदारांनी नोकरीत असताना लोकांच्या जमिनी मोजल्या. त्यांच्या मोजणीत कधी चूक निघाली नाही. मोजणीनंतर कितीतरी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले, पण तो मोजणीचा दोष नव्हे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली मागची खोली मोजायला घेतली.

तिथे होम थिएटर होणार होतं. समोरच्या भिंतीवर पांढरा पडदा लागला होता, खिडकीवर उजेड अडवणारं जाड काळं कापड होतं आणि मध्ये शेजारी शेजारी दोन खुर्च्या होत्या, पाय लांब करता येणाऱ्या. समोरचे दोन स्पीकर मात्र अजून दाराशीच उभे होते, उंच आणि काळे. लग्नात कोणाच्याच ओळखीचे नसलेले दोन पाहुणे उभे असावेत तसे. त्यांची जागा आज ठरायची होती. आणि आजच, थोरली बहीण, ताई, यायच्या आत, बाईंना आपल्या नवऱ्याला, म्हणजे मोजणीदारांना, एक गोष्ट सांगायची होती.

बाई पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. दूर एका धरणाच्या पायथ्याशी पाणी शुद्ध करणारं नवं केंद्र उभं राहिलं होतं आणि तिथे प्रमुख म्हणून तीन वर्षांसाठी त्यांना बोलावलं होतं. बाईंनी होकार कळवून टाकला होता. नवऱ्याला न विचारता. पूर्वी अशाच एका जागेबद्दल विचारलं होतं तेव्हा मोजणीदार "विचार करू" म्हणाले आणि त्यांनी तो इतका बारकाईने केला, की तोवर ती जागा भरली, आणि तिथे नेमलेला माणूस बढती घेऊन पुढेही गेला.

होकार दिला त्या दिवशी सांगायचं ठरवलं, तर घरी पडदा आला. पुन्हा धीर करून तोंड उघडलं, तर खुर्च्या आल्या. "ही डावीकडची तुझी," मोजणीदार म्हणाले, "आता रोज संध्याकाळी आपण दोघं." त्यानंतर बाईंनी तोंड मिटलं. कोणाला तरी सांगायला हवं म्हणून थोरल्या बहिणीला सांगितलं, ही मात्र घोडचूक झाली. ताईच्या पोटात केक सोडून काही राहत नसे. आज दुपारी तिचा निरोप आला होता : निघालेय. केक घेतलाय. ते काय म्हणाले?

"अहो, जरा बोलायचंय," बाई खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या.

"बोलायचंच आहे," मोजणीदार म्हणाले. "पण उभं राहून. ये, त्या डाव्या कोपऱ्यात."

पद्धत त्यांनी एका व्हिडिओवरून शिकून घेतली होती. स्पीकर जिथे ठेवायचा तिथे आधी माणूस उभा करायचा. त्याने कोपऱ्यापासून हळूहळू पुढे यायचं आणि सलग बोलत राहायचं. दुसऱ्याने खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकायचं. कोपऱ्यात आवाज घुमतो, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. पुढे येता येता एका जागी तो मोकळा होतो. तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर स्पीकर. फक्त आवाज ऐकायचा, शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही, ही मुख्य अट. मोजणीदारांना ती जड नव्हती. संसारात बऱ्यापैकी सराव झाला होता.

बाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मोजणीदारांनी डोळे मिटले.

"काय बोलू?"

"काहीही. सलग बोल. मध्ये थांबू नकोस."

"पाणी गढूळ आलं की तुरटी वाढवायची," बाई म्हणाल्या, "पण आधी भांड्यात ढवळून बघायचं, गाळ खाली बसतो की नाही. घाई केली की—"

हातातला फोन थरथरला. ताईचा निरोप : सिग्नलला अडकलेय. सांगितलंस ना?

"थांबलीस का?"

बाईंनी फोन उलटा धरला. समोर डोळे मिटलेला नवरा होता. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोलायला याहून सोयीची वेळ आली नव्हती, आणि याहून वाईटही.

"मी पुढच्या महिन्यात धरणावर राहायला जातेय," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांसाठी. होकार कळवून झालाय."

मोजणीदारांचा चेहरा हलला नाही. खुर्चीच्या हातावर बोटं वाजत होती, ती तेवढी थांबली.

"घुमतंय," ते म्हणाले. "वीतभर पुढे ये. तेच म्हण."

"तेच?"

"वाक्य बदललं तर तुलना कशाशी करायची?"

बाई पुढे सरकल्या. तेच म्हणाल्या. दुसऱ्यांदा ते वाक्य सोपं जायला हवं होतं. गेलं नाही.

"अजून घुमतंय. पुढे."

"मी पुढच्या महिन्यात धरणावर राहायला जातेय. तीन वर्षांसाठी. होकार कळवून झालाय. ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"मध्ये प्रश्न घालू नकोस. आणि आवाज चढवू नकोस, मोजणी बिघडते."

"मोजणी गेली खड्ड्यात."

"हे वाक्यात नव्हतं."

आणखी थोडं पुढे आल्यावर ते "हं, इथे" म्हणाले, उठले, गुडघ्यांवर बसून त्यांनी बाईंच्या पायांपुढे पट्टी लावली. बाईंकडे पाहिलं नाही. पट्टी तिरकी लागली होती. ज्याने जन्मभर लोकांना सरळ रेषेवरून भांडायला लावलं, त्याची ही पट्टी.

"आता उजवीकडे," मोजणीदार परत खुर्चीत जाऊन म्हणाले.

"माझं सांगून झालंय."

"उजवी बाजू राहिली."

"मग तिथे वेगळं सांगू? जात नाही म्हणून?"

"तेच सांग."

बाई खिडकीच्या कोपऱ्यात गेल्या आणि त्यांनी सुरुवात केली. या वेळी मोजणीदार काहीच म्हणाले नाहीत. घुमतंय नाही, पुढे ये नाही. बाई वाक्य म्हणत पुढे येत राहिल्या, डावीकडच्या पट्टीची रेघ ओलांडली, तरी ते गप्प. शेवटी बाईंचे गुडघे खुर्चीला टेकले. आता वाक्यात बळ उरलं नव्हतं, नुसतं पुटपुटणं झालं होतं.

"अहो, आता काय मांडीवर ठेवणार आहात का स्पीकर? कुठे साफ आलं ते तरी सांगा."

"पहिल्यांदाच साफ आलं होतं," मोजणीदार म्हणाले. डोळे मिटलेलेच. "तिकडे, कोपऱ्यात. मला वाटलं, भिंतीमुळे तसं ऐकू येतंय. कोपऱ्यात साधं बोलणंही मोठं वाटतं. म्हटलं, पुढे आणून बघू. कमी होईल."

"झालं?"

"वाढलं."

दारावरची बेल वाजली. दोघंही हलले नाहीत.

"रागावलात?"

"विचार करावा लागेल."

हा शब्द ऐकताच बाई सरळ उभ्या राहिल्या. "उठा," त्या म्हणाल्या. मोजणीदार डोळे उघडून उठले. बाई त्यांच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी खिडकीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "जा तिकडे. आणि बोला. सलग. विचार करायचा नाही."

मोजणीदार कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. बाईंनी डोळे मिटले. बेल पुन्हा वाजली.

"तू अवश्य जा," मोजणीदार म्हणाले. "माझी काही हरकत नाही. इकडचं सगळं व्यवस्थित चालेल."

निरोपसमारंभात अध्यक्ष बोलतात तसं ऐकू आलं.

"घुमतंय," बाई म्हणाल्या. "पुढे या."

"तू जा. जेवणाचं मी बघेन. भात येतो मला."

"घुमतंय. आणि भात येत नाही तुम्हाला. पुढे."

"मला आधी विचारायला हवं होतंस."

"हं. अजून वीतभर."

"विचारलं असतंस तर मी बसलो असतो मोजत. तुझी हीसुद्धा जागा गेली असती." बाहेर ताई आता बेलवरचं बोट काढत नव्हती. मोजणीदार पाऊलभर पुढे आले आणि त्यांचा आवाज खाली आला. "रोज संध्याकाळी मी इथे एकटा काय करू, मला कळत नाहीये. भीती वाटतेय. तरी तू जा."

"थांबा," बाई म्हणाल्या. "हलू नका."

त्यांनी डोळे उघडले, पट्टीचा तुकडा फाडला, खाली वाकून नवऱ्याच्या अंगठ्यांपुढे चिकटवला आणि मग त्या दार उघडायला गेल्या.

ताई केकचा खोका छातीशी धरून आत आली ती थेट मागच्या खोलीपर्यंत. खिडकीजवळ पायाची बोटं पट्टीला लावून मोजणीदार उभे होते, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

"अगं, सांगितलंस की नाही?" ताईने कुजबुजत विचारलं. ताईची कुजबुज खोलीत कुठूनही साफ ऐकू येई.

"पाच-सहा वेळा," बाई म्हणाल्या.

"मग? काय म्हणाले?"

मोजणीदार दोन्ही पट्ट्यांकडे बघत होते. उजवीकडची डावीकडच्यापेक्षा चांगली हातभर पुढे आली होती. असे स्पीकर लावले असते तर एक गाणारा आणि दुसरा मागून त्याला वारा घालणारा वाटला असता.

"डावीकडची मोजणी परत घ्यावी लागेल," ते म्हणाले. "तिथे मी आवाज ऐकतच नव्हतो. शब्द ऐकत होतो."

"घेऊ की," बाई म्हणाल्या, "पुढचा महिना यायचाय अजून." आणि त्या सुरी आणायला गेल्या.